टाकीवाली डॉट कॉम

बारा वर्षं मी मानपाड्यातल्या सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुते. स्वतः आत उतरते. वॉचमन लांबूनच ओरडतात, "टाकीवाली आली." आधी राग यायचा. आता सेक्रेटरी लोक भिंतीवरचा नंबर बघत नाहीत, मोबाइलवर शोधतात, आणि तिथे पहिला येतो याच धंद्यातला आनंदा. मिशीला पीळ, शर्टाला इस्त्री. टाकीत तो आयुष्यात उतरलेला नाही.

टिटवाळ्याला अठरा बिल्डिंगचं नवीन कॉम्प्लेक्स झालंय. तिथल्या सेक्रेटरी निशा मॅडम म्हणाल्या, "रविवारी मीटिंग आहे. तुमची वेबसाइट पाठवा, कमिटीला दाखवते." अठरा बिल्डिंग म्हणजे माझ्या हाताखालच्या चार बायकांना वर्षभर काम. वेबसाइट नव्हती. मी म्हटलं, पाठवते.

गुरुवारी घरात नावाची सभा भरली. माझे दीर प्रफुल्लभाऊ, कायम भावी नगरसेवक, म्हणाले, "वहिनी, दादांचं नाव द्या. 'कैलासवासी पंढरी एंटरप्रायझेस समाजसेवा डॉट कॉम'."

"काका, हे टाइप करेपर्यंत टाकीत शेवाळ धरेल," माझी पोरगी प्राची म्हणाली. वेबसाइट तीच बनवणार होती.

"मग 'डोंबिवली बेस्ट वॉटर टँक क्लीनिंग' ठेव," मी म्हटलं. "शोधणाऱ्याला लगेच सापडेल."

"आई, नावात शब्द कोंबले म्हणून गुगल कोणाला वर बसवत नाही. नकाशावर पत्ता नीट टाकू, जुन्या गिऱ्हाइकांकडून चार ओळी लिहून घेऊ, त्याने वर येशील. आणि डोंबिवली लिहिलंस तर टिटवाळावाले म्हणतील, ही लांबची. नाव असं पाहिजे की फोनवर एकदा सांगितलं की डोक्यात बसेल. लोक तुला काय म्हणतात?"

टाकीवाली. प्राचीने बघितलं, नाव मोकळं होतं. ती लगेच घ्यायला निघाली तर भाऊंनी मोबाइलवर हात ठेवला. "आज अमावस्या लागते. शनिवारी सकाळी मुहूर्त चांगला आहे."

आणि मी, बारा वर्षं कोणाचं न ऐकणारी बाई, ऐकलं. वर निशा मॅडमना नाव कळवूनही बसले.

शुक्रवारी भाऊंचा वाढदिवस. बॅनर लावायला अमावस्या आड येत नाही. नाक्यावर वीस फुटी बॅनर, त्यावर छत्तीस मुंडकी, आणि खाली: 'आमच्या वहिनी सरोजताई लवकरच इंटरनेटवर. टाकीवाली डॉट कॉम'.

शनिवारी मुहूर्तावर प्राचीने मोबाइल उघडला. नाव गेलं होतं. दाबलं तर आनंदाची मिशी उघडली, खाली त्याचा नंबर.

"केस करू," भाऊ म्हणाले.

"तुम्ही कालचा केक खा," मी म्हटलं.

रविवारी कमिटीला ही मिशी दिसणार. रडायला वेळ नव्हता. मी माझ्या वॉचमनांना, सेक्रेटऱ्यांना, त्यांच्या बायकांना फोन लावले. सगळ्यांना एकच सांगितलं: "त्या वेबसाइटवरच्या नंबरला फोन करा आणि सरोजबाईंना बोलवा. नाहीत म्हणाला तर विचारा, मग नाव कशाला लावलंस?"

आमच्याकडची माणसं अशा कामाला कधी नाही म्हणत नाहीत. संध्याकाळपर्यंत आनंदाला साठ फोन गेले. एका वॉचमनने तर त्याला विचारलं, "तुम्ही टाकीवालीचे मिस्टर का?"

रविवारी दुपारी निशा मॅडमचा फोन आला.

"सरोजताई, वेबसाइटवर दुसराच नंबर होता, तुमच्या ऑफिसचा असेल म्हणून त्यावर फोन केला. कमिटीसमोर, स्पीकरवर. तो माणूस म्हणाला, 'बाई, मी हात जोडतो, सरोजचा नंबर लिहून घ्या, टाकीत तीच उतरते, मला सोडा.' कमिटीला एवढंच ऐकायचं होतं. सोमवारी पहिली बिल्डिंग धरा. पण ताई, तुमच्या ऑफिसातला माणूस फार चिडका आहे हो."

"नवीन आहे," मी म्हटलं. "शिकेल."

संध्याकाळी आनंदा दारात. मिशीचा पीळ गेलेला. "वहिनी, घ्या तुमचं नाव. माझी बायकोसुद्धा मला टाकीवाली म्हणायला लागली."

"चहा घेणार?"

"नको. आधी नाव घ्या."

प्राचीने त्याला शेजारी बसवलं आणि त्याच्याच मोबाइलवरून नाव आमच्याकडे वळवायला घेतलं. मी खिडकीतून बघितलं. खाली भाऊ बॅनरवाल्याला हातवारे करून सांगत होते, किती फुटी ते.

मी जिना उतरले, बॅनरचा मजकूर लिहिलेला त्यांच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि पदरात बांधून ठेवला.

"अहो वहिनी, आज तर दिवस चांगला आहे."

"असू दे. वर पोरीने 'झालं' म्हटलं की मोबाइल मिळेल."

बॅनरवाला टेप गुंडाळून कट्ट्यावर बसला. आम्ही तिघं वर बघत राहिलो.