चिंबोराजीची न घडलेली आठवण

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. काळी, कोपऱ्यात चेपलेली. अंबरनाथच्या आनंदनगरात एका कारखान्याच्या माळ्यावर कार्टूनचा छोटा स्टुडिओ आहे, तिथे माझे आयुष्य गेले. मित्रांनो, टीव्हीवरच्या चिंबोराजी खेकड्याचे सगळे भाग माझ्या पोटात आहेत. यशोधराताई चित्रे काढायच्या, सुयोग ती जोडायचा. सुरुवातीला माझे काय कौतुक! मला रुमालात गुंडाळून ठेवत.

मग नवे भाग वेळेत होईनात आणि चॅनलच्या अल्पेशसरांचे फोन सुरू झाले. "पुरानाच माल जोडून द्या ना यार, पोरांना काय कळतंय?" म्हणजे चिंबोराजी आणि त्याचा मित्र बेडूक धरणाच्या काठावर बसणार, एक म्हणणार "आठवतंय का रे?" आणि पुढे सगळे जुने तुकडे. चिंबोराजी चिखलात पडतो, तो तुकडा तर इतक्या वेळा काढून नेला, की मला त्या चिखलाची शिसारी आली.

इकडे ताई एक नवा भाग रंगवत होत्या. पुरात हरवलेली आई चिंबोराजीला शेवटी भेटते. त्यांनी शेवटच आधी रंगवला होता, अगदी जीव ओतून. बाकीचे व्हायचे होते.

तेवढ्यात पुन्हा फोन. सुयोगने माझ्यातून तो शेवट उचलला आणि आठवण म्हणून चिकटवून दिला! जे घडलेच नाही, ते चिंबोराजीला आठवले. एरवी मी दर कामाला अडते, त्या दिवशी मात्र मेली सुरळीत चालले. भाग टीव्हीवर लागलासुद्धा.

तो बघून ताई सुयोगकडे वळल्या. "अरे सुयोग, हरवायच्या आधीच आई भेटवलीस?"

"बाकी काय रेडीच नव्हतं ताई. हा तेवढा रेडी होता. अल्पेशसर बोलले, पब्लिकला आवडला, पुढच्या वेळी परत टाका."

ताईंनी माझी वायर काढली. "अल्पेशसरांना मी बघते. तो शेवट आता गेला, दुसरा काढीन. तोवर ह्या डब्याला हात लावायचा नाय."

तेव्हापासून मी कपाटावर आहे. धूळ बसते, चिडचिड होते. माझ्यासारख्या वस्तू निरोप घेताना म्हणतात, जुन्याला जपा. मी नाही म्हणणार. जुने खूप झाले. मित्रांनो, कुणी काही नवे करत असेल, तर ते पुरे होईपर्यंत त्याला जपा, त्याची ओढाताण करू नका.

समोर ताई कोऱ्या कागदावर चिंबोराजीची आई पुन्हा काढत आहेत. ती त्याला अजून सापडलेली नाही.