न काढलेलं चौथं पान

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा फाईल उघडली, नाव दिलं, बंद केली. वाटलं, कोणाला माहीत नाही तर कशाला सांगायचं. राजरत्नला माहीत आहे आता, पण तो कोणाला बोलणार नाही. म्हणूनच लिहितोय.

मी भावेश. राहायला बदलापूर गावात, कामाला उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, मुकेश शेठच्या सायबर कॅफेत. सात कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स. दहावीनंतर शिकलो नाही. जे काय इंग्लिश येतं ते स्क्रीनवर बघून बघून आलंय. बोलता येत नाही. वाचता येतं, हळू.

राजरत्न, म्हणजे राजा, माझा दोस्त, अंबरनाथच्या बुवापाड्यातला. आठवी ते दहावी आम्ही एका बाकावर. तो पुढे डीएड झाला आणि घराजवळच्याच एका शाळेत शिक्षणसेवक लागला. सगळ्यात नवीन म्हणून लायब्ररीचा चार्ज त्याच्या गळ्यात मारला. लायब्ररी म्हणजे दोन लोखंडी कपाटं. आतली पुस्तकं एकदम कोरी, कारण पुस्तक हरवलं तर चार्जवाल्या सरांना जाब विचारतात. आधीच्या सरांनी त्या भीतीने पाच वर्षं कुलूपच काढलं नव्हतं. राजाने पहिल्या आठवड्यात काढलं. मग कळलं, सातवीतल्या निम्म्या पोरांना वाचताच येत नाही.

"भाव्या, पुस्तक दिलं तर चित्रं बघतात आणि परत देतात," तो बोलला. "वाचायला कसं लावायचं हे डीएडला कोणी शिकवलं नाही. तुझ्या त्या डब्यात बघ ना काहीतरी."

ही गेल्या वर्षीची, २००७ची गोष्ट. रविवारी दुपारी कॅफे रिकामा असायचा. आम्ही दोघं एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसून शोधायचो. मराठीत काय सापडायचं नाही, सापडलं तर अक्षरांच्या जागी चौकोन. इंग्लिशमध्ये मात्र खजिना होता. एका साईटवर लहान मुलांच्या गोष्टी फुकट छापून घेता यायच्या. दुसरीकडे मास्तरांचा ग्रुप होता, प्रश्न टाकला की दुसऱ्या दिवशी जगाच्या कुठल्यातरी टोकावरून उत्तर. राजाने लिहिलं, साठ मुलं, दोन कपाटं, काय करू? मी डिक्शनरी घेऊन इंग्लिश केलं. एका बाईंचं उत्तर आलं, फक्त एक ओळ. एका मुलापासून सुरू करा.

त्या बाई कुठल्यातरी परदेशातल्या शाळेत लायब्ररीयन होत्या. त्यांची स्वतःची साईट होती. पुस्तक उघडायच्या आधी नुसतं कव्हर दाखवून विचारायचं, आत काय असेल? गोष्ट मध्येच थांबवायची आणि पुढचं पोरांकडून काढायचं. असलं खूप. मी प्रिंट काढायचो, ओळींच्या मध्ये पेन्सिलने मराठी लिहायचो. राजा ते निळ्या फाईलीत लावायचा. त्याच्या डीएडच्या बॅचचे सर आणि मॅडम त्या फाईलीचं झेरॉक्स घेऊन जायला लागले. अंबरनाथच्या चार-पाच शाळा, मग बदलापूर. मला फार भारी वाटायचं. दहावी पास पोराची पेन्सिल मास्तर लोक वाचतात.

आत्ता लिहिताना मध्येच गिऱ्हाईक आलं होतं. रिझल्ट बघायचा होता. पास झाला. पुढे लिहितो.

कॅफेतली एक सवय सांगायला पाहिजे, सगळं त्यावरच आहे. वेबसाईटचं प्रिंट काढलं की शेवटच्या पानावर कचरा येतो. कॉपीराईट, जाहिरात, एक लांबलचक पत्ता. गिऱ्हाईक कटकट करतं की हे कशाला काढलं. म्हणून शेठने पहिल्याच दिवशी शिकवलेलं, "बेटा, आखरी पेज मत निकाल. उसमें कुछ नहीं होता." चार पानं दिसली की मी प्रिंटला एक ते तीनच टाकायचो. बघायचोही नाही. हात आपोआप जायचा.

त्या बाईंच्या साईटवर जोडीवाचन म्हणून एक पद्धत होती. चार पानं. मी तीन काढली.

तीन पानांत होतं ते असं. मुलाच्या बाजूला बसा, समोर नाही. एकच पुस्तक धरा. दोघांनी बरोबर मोठ्याने वाचा. चुकलं तर ओरडू नका, तो शब्द नीट बोला आणि पुढे चला. तिसरं पान संपताना लिहिलेलं, हळूहळू तुमचा आवाज कमी करा आणि मुलाला पुढे जाऊ द्या. वाक्य पूर्ण होतं. राजाला काही कमी आहे असं वाटायला जागाच नव्हती.

एका मुलापासून सुरू करा. राजाने मनाली निवडली. सातवीतली, बुवापाड्यातलीच. अक्षर असं सुंदर की फळ्यावरचं बघून उतरवलं तर छापल्यासारखं. पण वाचायला दिलं की डोळे खाली. सात वर्षं ती दुसऱ्यांचं ऐकून धडे पाठ करत होती आणि कोणाला पत्ता नव्हता. आई अंजनीबाई आमच्या कॅम्प पाचलाच एका जीन्सच्या कारखान्यात धागा कटिंग करायची. शिवलेल्या पँटीचे लोंबते धागे कापायचे, दिवसभर. मनाली नापास झाली की तिलाही तिथेच बसवायचं हे घरी ठरलेलं. राजाला माहीत होतं. म्हणून तर तिला निवडलं.

तीन महिने, रोज मधल्या सुट्टीत. राजा संध्याकाळी कॅफेत फोन करायचा.

"आज आठ पानं. आठ!"

"सर, तू दहावीत किती वाचलेलीस?"

"तुझ्या वहीत लिहिलेली होती तेवढी. म्हणजे शून्य."

तो इतका खूश मी कधी बघितला नव्हता.

फेब्रुवारीत तपासणीला विस्तार अधिकारी आले. हेडमास्तर बोलले, लायब्ररीचं काहीतरी करून दाखवा. राजा मनालीला घेऊन वर्गापुढे बसला. बाकावर दोघं बाजूबाजूला, मांडीवर पुस्तक. समोर साठ पोरं, साहेब, हेडमास्तर.

सुरू केलं. दोन आवाज, एकदम जुळलेले. साहेब मान हलवत होते. राजाला वाटलं, आता वेळ झाली. कागदात लिहिलंय तसं त्याने आवाज कमी केला. मग गप्प झाला.

मनालीने पुढचे तीन शब्द वाचले. चौथ्यावर अडकली. तिने त्याच्याकडे बघितलं.

"मी हसलो रे तिच्याकडे बघून," राजाने मला सांगितलं. "वाच, वाच, अशी मान हलवली. ते हसणं जात नाही डोक्यातून."

मागच्या बाकावरचं कोणतरी फिदकन हसलं. मग बरेच हसले. साहेब रागाने नाही, हळूच बोलले, "वाचता येत नाही का हिला? मग कशाला बसवलं पुढे?" मनालीने पुस्तक मिटलं, कपाटात त्याच्या जागेवर ठेवलं आणि आपल्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही.

आठवड्याने राजा कॅफेत आला. बसलाच नाही. "ते पान परत उघड. मी काय चुकलो ते बघू."

मी उघडलं. खाली खाली गेलो. तिसरं पान संपलं आणि त्याच्याखाली सहा ओळी. मी मराठी करत मोठ्याने वाचायला लागलो. मूल टेबलावर टकटक करेपर्यंत तुम्ही थांबू नका. एकटं कधी वाचायचं ते मूल ठरवेल, तुम्ही नाही. त्यानंतरही अडकलं तर मनात चार मोजा आणि पुन्हा बरोबर वाचायला लागा. आणि ही पद्धत इतरांसमोर कधीही करून दाखवू नका.

त्याच्याखाली कॉपीराईट. कचरा.

राजाने त्या सहा ओळींवर बोट ठेवलं. "हे माझ्याकडे का नाही?"

"प्रिंटर अडकला असेल," मी बोललो.

"हां," तो बोलला. "असेल."

त्याने लगेच मान्य केलं. तो माझ्यावर संशय घेतच नाही.

परत गिऱ्हाईक. यावेळी मीच जरा बाहेर जाऊन आलो.

तर. दोन दिवसांनी चहा आणायला मागच्या गल्लीत गेलो. कारखान्याचं शटर अर्धं वर होतं. जीन्सच्या ढिगाशेजारी एक बाई आणि एक मुलगी, दोघींच्या हातात छोट्या कैच्या. मी मनालीला आधी बघितलं नव्हतं, पण बाईने हाक मारली, "मनाली, ती पँट इकडे दे," आणि मी तिथेच उभा राहिलो.

"काय पाहिजे?" अंजनीबाईने विचारलं.

"मी राजरत्न सरांचा दोस्त. सर विचारत होते, मनाली शाळेत..."

"सरांना सांग, आमचा राग नाय. लय केलं त्यांनी पोरीसाठी. पण तिला नाय जमत, तर उगाच सगळ्यांसमोर कशाला?"

मनाली मान वर न करता बोलली, "दादा, सर मुद्दाम गप्प बसले ना?"

"नाही गं."

"मग का बसले?"

मला उत्तर माहीत होतं. पूर्ण उल्हासनगरमध्ये फक्त मला माहीत होतं. मी बोललो, "चहा गार होतोय," आणि निघालो. हे वाक्य मी बोललो. लिहितानाही लाज वाटतेय.

चहा शेठच्या टेबलावर ठेवला, गल्ल्यावरून फोन लावला आणि राजाला सगळं सांगितलं. प्रिंटर अडकला नव्हता. मी काढलंच नव्हतं. कधीच काढत नाही.

"कागद वाचवलास," तो बोलला.

मग त्यानेच पुढे सांगितलं,

"ती फाईल अकरा शाळांत गेलीय, भाव्या."

त्या संध्याकाळी मी चौथं पान काढलं, अकरा झेरॉक्स मारले. पेन्सिलने नाही, पेनाने मराठी लिहिलं, मोठ्या अक्षरात. राजाने एकेका सरांना जाऊन दिलं आणि सांगितलं, फाईलीत हे सगळ्यात वर लावा. कोणाकोणाचा वर्गात असाच तमाशा झाला ते आम्ही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

मग तो मनालीच्या घरी गेला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती दारात आली. तिने सांगितलं की परीक्षेला बसेन, वाचेन पण, पण सरांबरोबर नाही. राजा आज दुपारी येऊन मला हे सांगून गेला. त्याचा चेहरा मी इथे लिहीत नाही.

"तू वाच तिच्याबरोबर," तो बोलला.

"मी? मी काय मास्तर आहे? मी स्वतः अडकत अडकत वाचतो."

"म्हणूनच. तिला पुढे पळणारा नको." मग दारातून वळून बोलला, "पण अर्ध्यात सोडणार असशील तर येऊच नको. परत पडली तर ती नाही उठणार."

तेव्हा मी नुसती मान हलवली. नीट उत्तर आता देतो, राजा, लिहून, म्हणजे मला फिरवता येणार नाही. शनिवारी सुट्टी घेतलीय, मी बुवापाड्यात तिच्या घरी येतो. आणि मग परीक्षेपर्यंत दर शनिवारी. पुस्तक उघडायच्या आधी तिला मी सांगेन की चौथं पान मीच काढलं नव्हतं; सर गप्प बसले त्याचा दोष, राजा, तुझ्यावर येऊ देणार नाही. ऐकून ती उठून गेली तर दारात बसेन. आणि बसली बाजूला, तर तिने टकटक करेपर्यंत माझा आवाज थांबणार नाही.