नैवेद्याचा डबा

"बंपर हाय का पापड, राव! नुसता स्क्रू आवळला तरी तडकतंय. अन् बोट कुणाकडं? तर माझ्याकडं."

कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर ज्योतीराम शेजाऱ्याच्या कानात कुरकुरत होता. कानात म्हणायचं आपलं; तीन सीटांपर्यंत ऐकू जात होतं. वीस वर्षं मोल्डिंग मशीनच्या आवाजात काढलेल्या माणसाला हळू बोलणं म्हणजे काय हे आठवत नाही. त्याच्या पुढच्याच सीटवर नीला होती. रहाटणीला चढल्यापासून तिनं खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलं होतं. सोंगच, कारण झोपलेल्या माणसाचे कान असे लाल होत नाहीत.

"मग नीलाताईंना विचार की," शेजारी म्हणाला. "माल त्याच तपासतात."

"त्यांना काय इचारायचं? त्यांचा रिपोर्ट एक नंबर हाय. माल चांगला, साचा चांगला. मंग उरलं कोण? मीच की. काय चुकतंय तेच कळंना बघ. बायको म्हनती, जेवताना पन बोटं हलवत बसता, बटनं दाबल्यागत."

नीलानं डोळे आणखी घट्ट मिटले.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे बंपर होत. बंपर म्हणजे लोखंड, असं नीलालाही एके काळी वाटायचं. बारावी झालेली, पॅकिंगला लागलेली बाई. तिला कोण सांगणार? तिनं कॅन्टीनमध्ये मांडीवर डिक्शनरी घेऊन जुने रिपोर्ट वाचले आणि आपल्या परीनं स्वयंपाकघरातून समजून घेतलं. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे साबुदाण्याएवढे दाणे, हे झालं पीठ. त्यात थोडं रबर, ते मोहन; थंडीत तडकू नये म्हणून. थोडी टाल्कची पूड. उन्हात लोंबू नये म्हणून. प्रमाण चुकलं की बिघडलंच. आठ वर्षांत ती पॅकिंगच्या टेबलावरून लॅबच्या खुर्चीवर गेली. पहिल्या रिपोर्टवर सही केली त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला, ज्ञानदेवला, झेरॉक्स दाखवली होती. त्यानं ती अजून कपाटात ठेवली आहे.

बिघडलेले बंपर कारखाना फेकून देत नाही. ते दळून त्यांचा चुरा करतात आणि नव्या दाण्यात मिसळतात. शंभरात दहा भाग चुरा चालतो. पण नवा दाणा महाग झाला, तसा चुरा दहाचा तीस झाला, मग चाळीस. पुढे रंगवलेले बंपरही दळायला जाऊ लागले. रंग वितळत नाही. त्याचे कण मालात तसेच राहतात आणि तडा नेमका तिथून सुरू होतो. चुरा करणाऱ्या मशीनवरच्या गिरजाबाईच्या केसांत कायम लाल-पांढरे ठिपके असत. "आमची होळी बारा महिने," ती म्हणायची. सगळे हसायचे. मोल्डिंगला माल मिसळूनच पाइपानं जायचा, तिथल्यांना पत्ता नव्हता; बाकी माहीत सगळ्यांना होतं. बोलत कुणी नव्हतं.

नीला न बोलणाऱ्यांतही वरच्या पायरीवर होती. प्रत्येक लॉटच्या मालाच्या छोट्या पट्ट्या काढायच्या, डीप फ्रीझरमध्ये उणे तीसवर गोठवायच्या आणि त्यांच्यावर हातोडा पाडायचा, ही तिची तपासणी. पट्टी टिकली तर माल पास. दोन वर्षांपूर्वी एके दुपारी पट्ट्या बिस्किटासारख्या मोडायला लागल्या. प्लँटचे मॅनेजर सलिलसर लॅबच्या दारात उभे राहून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आजच्या दिवस, ताई. ट्रक गेटवर उभाय. नव्या दाण्याच्या जुन्या पट्ट्या असतील ना?"

होत्या. त्या मोडल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात निव्वळ नव्या दाण्याच्या तीनशे पट्ट्या एकदम काढून झाल्या. त्या ठेवायला स्टीलचा डबा नीलानंच घरून आणला. चिवड्याचा होता, घासून आणला. कुणी सांगितलंही नव्हतं. दर लॉटला त्यातल्या पाच पट्ट्या काढायच्या, हातोडा पाडायचा, सही करायची; डबा रिता झाला की पुन्हा भरायचा. लॅबमध्ये त्याला नाव पडलं, नैवेद्याचा डबा. देवाला दाखवायचं वेगळं, पंगतीला वाढायचं वेगळं. नीलाच्या घरी बुद्धमूर्तीपुढं फुलं आणि मेणबत्ती, नैवेद्याचा संबंध नाही. पण विनोद तिला कळला आणि तीही हसली होती. ते हसणं आता घशाशी यायचं.

या डिसेंबरात थंडी वाढली. गिऱ्हाईक कंपनीत गाडीला बसवतानाच बंपर तडकू लागले. आठवड्यात एक्केचाळीस. आज त्यांची इंजिनिअर चौकशीला येणार होती.

साडेदहाला ज्योतीराम लॅबमध्ये आला. हातात टाइप केलेला कागद. "ताई, एवढं वाचून सांगा. सलिलसायबांनी दिलंय."

नीलानं वाचलं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे मशीनचे तापमान कमी राहिले व माल ठिसूळ झाला.'

"तापमान कमी ठेवलं होतं का तुम्ही?"

"न्हाई. म्हंजी मला तर न्हाई आठवत." त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "पन तुमचा रिपोर्ट खोटा असंल व्हय? मग माझंच चुकलं असंल. सायब म्हनले, सही केलीस तर तीन म्हैने घरी. न्हाई केली तर कायमचं."

नीला कागदाकडं बघत राहिली. आपल्या सह्यांनी गिऱ्हाइकाला फसवलं, एवढंच ती आजवर धरून चालली होती. गिऱ्हाईक लांब असतं, त्याला तोंड नसतं. त्याच सह्या एक एक करून या माणसाच्या गळ्यात पडल्या आहेत, हे तिला आत्ता दिसलं. माल पास आहे म्हणूनच तो नापास होता.

"घाई करू नका, दादा," ती म्हणाली. मग म्हणाली, "चहा घ्या. साखर किती घालू?" लाज वाटली की माणूस चहाचं विचारतो.

अकराला मीटिंग सुरू झाली. गिऱ्हाईक कंपनीची इंजिनिअर सुखदा म्हणजे पंचविशीतली पोर होती. तिनं तडकलेला बंपर टेबलावर ठेवला. सलिलसरांनी शेजारी नीलाच्या रिपोर्टची फाइल ठेवली.

"चोवीस महिने. एकही फेल नाही."

"इतकं छान रेकॉर्ड मी कुठंच पाहिलं नाही," सुखदा म्हणाली. हे कौतुक की टोमणा, नीलाला कळेना. "मॅडम, प्रत्येक लॉटची टेस्ट तुम्हीच करता?"

"हो. टेस्ट मीच करते."

शब्द न् शब्द खरा होता. अशा खऱ्याचीच जास्त किळस येते. काही तरी करावं म्हणून ती घाईघाईनं पुढं म्हणाली, "हवं तर याच मालाच्या नव्या पट्ट्या काढून पुन्हा एकदा करून बघू या. तुमच्यासमोर." आपण न बोलताच सगळं बाहेर यावं, अशी तिची आशा होती.

"पट्टीचा साचा दुरुस्तीला गेलाय ना, ताई," सलिलसर हसून म्हणाले. "विसरलात?"

साचा लॅबमध्ये तिच्या खुर्चीमागं होता. सकाळी तिनंच पुसून ठेवला होता. ती म्हणाली, "हो का," आणि टेबलाच्या कडेचं सोललेलं सनमायका नखानं उचकटू लागली. पन्नाशीला आलेली बाई, फळ्याकडं पाठवलेल्या मुलीसारखी.

सुखदानं तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग वहीत मान घातली. "म्हणजे ऑपरेटरची चूक, असंच लिहू?"

सलिलसरांनी मान डोलावली.

"लिवा," ज्योतीराम दारापासून म्हणाला. त्याला खुर्ची दिली नव्हती. तो टेबलाशी आला, कागद उलगडला, खिसे चाचपले. "ताई, तुमचा पेन द्या जरा."

नीलानं दिला. हात आपोआप पुढं गेला आणि पेन देऊन मोकळा झाला.

तो वाकला. पण सही करायच्या आधी त्याला काय वाटलं कोण जाणे, पेन खाली ठेवून त्यानं त्या पोरीला हात जोडले. "माफ करा, मॅडम. माज्यामुळं तुमच्या लाइनीवरच्या पोरांना तरास झाला. म्या वीस वर्षांत असं कधी केलं न्हवतं."

"दादा, हात खाली घ्या," नीला म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की तिचा तिलाच परका वाटला.

"नीलाताई..." सलिलसर म्हणाले.

"साचा दुरुस्तीला गेलेला नाही. माझ्या खुर्चीमागं आहे." ती उभी राहिली होती, कधी, ते तिला समजलं नाही. सुखदाकडं बघवेना, म्हणून ती ज्योतीरामकडंच बघत बोलली. "तुमचं काही चुकलेलं नाही, दादा. माल खराब आहे. त्यात जवळजवळ निम्मा चुरा आहे, रंगासकट. मी तपासलेल्या पट्ट्या त्या मालाच्या नव्हत्याच. दोन वर्षं एकाही लॉटच्या नव्हत्या. मला माहीत होतं, आणि मी सह्या केल्या."