पायमोजे

अंगठ्याची गोलाई पुन्हा खोडून काकांनी कागदावरचा रबराचा भुगा फुंकला आणि मान वर करून लॅपटॉपकडे पाहिलं. मोठ्या चौकटीत एक बाई लाकडी खुर्चीवर बसल्या होत्या. हात मांडीवर, पाय जरा पुढे. कडेच्या लहान चौकटींत कागदावर वाकलेली डोकी. माणसाचं चित्र काढायला शिकवणारी शिक्षिका त्या बाईंना मावशी म्हणायची, म्हणून सगळा वर्ग मावशी म्हणायचा. त्या कधी काही बोलत नसत. न हलता बसणं हेच त्यांचं काम होतं.

काकांना चेहरा जमत नसे. उभी हयात चपलांच्या दुकानात गेली होती, गिऱ्हाइकाच्या पायाशी ठेंगण्या स्टुलावर बसून. त्यांच्या लेखी माणूस खालून सुरू व्हायचा आणि नजर गुडघ्यापर्यंत पोचेतो गिऱ्हाईक उठून जायचं. चित्रही ते पावलांपासूनच सुरू करत, आणि डोक्यापर्यंत येईपर्यंत कागद संपलेला असे. यांच्या माणसाला डोकं कधी फुटणार, असं शिक्षिकेनं एकदा हसत विचारलं होतं. वर्गही हसला होता. तेव्हापासून काका वर्गात कुणाशी बोलले नव्हते.

त्यांची जीभ सैल सुटे ती घरात, तीही एकट्या बायकोपुढे. ती चहा घेऊन आली आणि त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे वाकून बघू लागली.

"ह्याच का तुमच्या मावशी?"

"ह्याच. पावलं बघ. चप्पल नाही पुरायची, होडी लागेल. एकेका पायाला एकेक."

तिला हसू आलं. मग तिनं कप टेबलावर ठेवला.

"आधी स्वतःचे मोजे काढा, मग लोकांच्या पायांना नावं ठेवा."

पडद्यावर काहीतरी हललं. मावशींनी उजवं पाऊल हळूच मागे घेतलं, खुर्चीखाली. मग डावं. नजर समोरच होती, हात मांडीवर तसेच होते. फक्त पाय दिसेनासे झाले. लहान चौकटींतली डोकी एकेक करून वर आली.

"काका," शिक्षिका हळू आवाजात म्हणाली, "तुमचा माइक चालू आहे."

बटण सापडेना. शेवटी त्यांनी लॅपटॉपच मिटला आणि झाकणावर दोन्ही हात दाबून बसले, जणू ते आपोआप उघडेल. चहावर साय धरली.

"मी तरी मेली कशाला मध्ये बोलले," बायको म्हणाली.

दुकानात कामाला येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. माप घ्यायचं, पावलाबद्दल ब्र काढायचा नाही. गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं तरी नाही. सहा बोटांचे, भाजलेले, एक लहान एक मोठा, असे किती पाय त्यांनी मांडीवर घेतले होते, पण चेहऱ्यावरची रेघ कधी हलू दिली नव्हती. मावशींचे पायही त्यांना कळत होते. दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाचे पाय होते ते. पट्टा रुतल्याचा वळ दोन्ही पावलांवर होता. तो वळ त्यांनी कागदावर काढलाही होता, निगुतीनं, छाया देऊन. आणि मग होडी म्हणाले होते.

आणि म्हणणारा कोण? भर उन्हाळ्यात घरातसुद्धा मोजे घालून वावरणारा. लेक लहान असताना समुद्रात चला म्हणून हात ओढत होती, तेव्हा हे बूट घालून खडकावर बसून राहिले होते. पाणी गार असेल म्हणाले होते.

पुढचे काही दिवस ते शिक्षिकेला निरोप लिहीत आणि पुसत राहिले. 'माझ्याकडून अनवधानाने' असं लिहिलं की ते सरकारी पत्र वाटे, आणि साधं लिहायला गेलं की होडी हा शब्द आडवा येई. क्लासला लेकीनं नाव घातलं होतं. तिचा फोन आला तेव्हा त्यांनी डोळे दुखतात, आता क्लास नको, असं सांगून टाकलं.

"डोळे ठणठणीत आहेत," बायको मागून मोठ्यानं म्हणाली. "तोंड पोळलंय."

लेकीला काही उमगलं नाही. क्लासच्या दिवशी मात्र वेळ झाली तशी बायकोनं लॅपटॉप आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि ती आत निघून गेली.

मावशी आल्या होत्या. कमरेपासून जमिनीपर्यंत त्यांच्यावर एक चादर होती.

आज पावलं काढायची, हे आधीच ठरलेलं होतं. शिक्षिकेनं एकदा चादरीकडे पाहिलं.

"मावशी आज पाय देणार नाहीत," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी दाखवेल का आपली पावलं? थोडाच वेळ."

कुणी पाणी प्यायलं, कुणी पेन्सिलीला टोक करू लागलं. का देणार नाहीत, हे कुणी विचारलं नाही. काकांकडेही कुणी पाहिलं नाही, आणि तेच जास्त झोंबलं.

त्यांनी माइकचं बटण दाबलं.

"मी," घसा साफ करून ते म्हणाले. "मी दाखवतो."

बायको आतून आली. दुकान बंद केलं तेव्हा घरी आणलेलं ते ठेंगणं स्टूल तिनं ओढलं, लॅपटॉप त्यावर ठेवला आणि दिवा सरकवून घेतला. काका खुर्चीत बसले. त्यांनी एक मोजा खाली गुंडाळत काढला, मग दुसरा. दोन्ही एकात एक घालून खिशात ठेवले.

मोठ्या चौकटीत आता त्यांची पावलं आली. बोटांवर चढलेली बोटं, काळं पडलेलं नख, टाचेच्या भेगा. सगळी डोकी वर झाली आणि बघू लागली. नुसत्या बघण्याला वजन असतं, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. बोटं आखडायला लागली. पाठ केलेलं माफीचं वाक्य ओठांशी आलं.

"मावशी," ते म्हणाले, आणि पुढचं आलंच नाही.

शिक्षिकेच्या चौकटीत चादर सळसळली. मावशींनी हात पुढे करून शिक्षिकेकडून पाटी आणि कागद मागून घेतला होता. त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं, मान खाली घालून एक रेघ ओढली, पुन्हा वर पाहिलं. काकांचं उजवं पाऊल नकळत मागे, खुर्चीखाली सरकत होतं.

"काका," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गानं पहिल्यांदाच ऐकला. "पाय आत घेऊ नका."

त्यांनी पाऊल पुन्हा होतं तिथे ठेवलं.