कूमला न विचारता घेतलेली गाडी

वितोमिरने गाडी घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर ती लपवली.

माणूस आयुष्यभर वाल्येवोच्या शहर-बसच्या ड्रायव्हरच्या कडक सीटवर बसतो, पाठीचे मणके झिजवतो, निवृत्त होतो आणि एकदाची मनासारखी गाडी घेतो. काळी, लांबलचक, जर्मन, आत अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, कातडी सीटा, आणि त्या सीटा थंडीत गरम होणाऱ्या. वय म्हणाल तर मतदानाला जाण्याइतकं, पण रंग शाबूत. शाबात्समधल्या एका दंतवैद्याच्या विधवेकडून ती घेऊन तो गावात शिरला. खरं तर हॉर्न वाजवत घरापुढे आणून उभी करायची. त्याऐवजी हा शहाणा मागच्या रस्त्याने मेव्हणीच्या वाडीवर गेला, मक्याच्या कणगीमागे गाडी लावली, वर ताडपत्री टाकली आणि बसने घरी आला.

कारण त्याच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, स्रेतेन मेस्त्रीचं गॅरेज होतं, आणि स्रेतेन त्याचा कूम होता. वितोमिरच्या लग्नात साक्षीला तोच उभा राहिला होता, दोन्ही मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातावर धरलं होतं. आमच्याकडे भावाशी भांडता येतं, बायकोशी तर येतंच, पण कूमशी भांडण म्हणजे पाप. आणि मेस्त्रीला सोबत नेल्याशिवाय जुनी गाडी आमच्याकडे कुणी घेत नाही. मेस्त्री गाडीभोवती फिरतो, खाली वाकतो, नाक मुरडतो, विकणाऱ्याचा पाणउतारा करतो, मग कुठे व्यवहाराचं बोलणं सुरू होतं. ज्याचा कूमच मेस्त्री आहे त्याने एकट्याने जाऊन गाडी आणणं म्हणजे कूमच्या तोंडावर दार आपटणं. स्रेतेनच्या सख्ख्या भावाने त्याला न विचारता ट्रॅक्टर घेतला होता. त्यानंतर ते दोघे आईच्या कबरीवरसुद्धा वेगवेगळ्या वेळी जात.

मग वितोमिरने विचारलं का नाही? कारण स्रेतेन नाही म्हणाला असता. आजवर वितोमिरच्या मनात भरलेल्या प्रत्येक गाडीला तो नाही म्हणाला होता, आणि दर वेळी त्याचंच बरोबर निघालं होतं. या वेळी वितोमिरला कुणाचं बरोबर-चूक ऐकायचं नव्हतं, त्याला गाडी हवी होती.

"सांगून टाक त्याला," त्याची बायको स्तामेना म्हणाली. "आज नाही तर उद्या कळणारच."

"जरा नीट करून घेतो, मग सांगतो. झकास गाडी समोर उभी केली की तो काय बोलणार?"

"म्हणजे ती झकास नाहीये."

"आहे गं. थोडी बसते."

"बसते म्हणजे?"

"मागून. उजवीकडे. रात्रीतून."

स्तामेनाने भाजीतला चमचा जरा जोरात फिरवला.

या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. त्यांच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे होते आणि त्यांत हवा भरायला एक छोटा कॉम्प्रेसर. नवी असताना तिच्यात बसलेल्या माणसाला खड्डा म्हणजे काय ते कळत नसणार. आता मात्र रोज सकाळी ताडपत्री काढली की ती उजव्या ढुंगणावर बसलेली दिसायची. चालू केली की कॉम्प्रेसर कण्हायचा, कण्हत कण्हत तिला उचलायचा, आणि ती एकदाची सरळ व्हायची. शिवाय दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना मागून कुणीतरी टपली मारल्यासारखा झटका बसायचा. बस चालवलेल्या माणसाला तो झटका स्वतःच्या अंगात लागतो. वितोमिरने वाडीवरच इंजिनचं ऑइल बदललं, फिल्टर बदलले, प्लग बदलले. फुग्यांच्या बाबतीत मात्र त्याने हात टेकले. शेवटी एका सकाळी तो गाडी घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओग्नेनच्या गॅरेजात गेला.

ओग्नेन तरुण, हाताला स्वच्छ, माणूसही चांगला. त्याने गाडी लिफ्टवर चढवली, दिवा घेऊन खाली शिरला आणि विचारलं, "हे कुणी केलंय?"

आता हा काही प्रश्न नव्हे. नळवाला येतो, मोरीखाली वाकतो आणि म्हणतो, हे कुणी केलंय. वायरमन तेच म्हणतो, गवंडी तेच म्हणतो, आमचा दंतवैद्यसुद्धा तोंडात आरसा घालून तेच म्हणतो. आधीच्या माणसाला चार शिव्या घातल्याशिवाय आमच्याकडे कुणाचा हात कामाला लागत नाही. गिऱ्हाइकाने अशा वेळी खांदे उडवायचे असतात, "होता कुणी एक गाढव" म्हणायचं असतं, की झालं.

पण माहीत नाही म्हणावं, तर आंधळेपणाने गाडी घेतली हे कबूल करण्यासारखं. आणि आयुष्यभर वितोमिरपाशी या प्रश्नाला एकच उत्तर होतं. ते नाव घेतलं की कुठलाही मेस्त्री गप्प बसायचा. तेच सवयीने तोंडातून निघालं.

"स्रेतेन मेस्त्रीने."

ओग्नेन गाडीखालून बाहेर आला. "स्रेतेनकाकांनी? हे?"

त्याने दिवा धरला. मागच्या फुग्याकडे जाणाऱ्या बारीक पाइपावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला होता, वर तार पिळलेली होती, तारेवर काळी चिकटपट्टी. पट्टीची टोकं सुटून लोंबत होती.

अजून वेळ गेली नव्हती. हसून सांगता आलं असतं की चुकून बोललो. पण वितोमिर म्हणाला, "घाईत केलं असेल." आणि त्याने चुकीवर शिक्कामोर्तब केलं.

ओग्नेनने तो भाग कापून नवा पाइप घातला. फुगा चिरलाय, म्हणाला, दोन्ही बाजूंचे मागवून घेऊ, येईपर्यंत गाडी फार फिरवू नका. कापलेला तुकडा त्याने भंगारात टाकला नाही, खिडकीत ठेवला.

पुढचं सांगायलाच नको. गाव काही मोठं नाही. पोस्टाची व्हॅन ब्रेकच्या कामासाठी स्रेतेनकडे यायची होती, ती समोरून तशीच पुढे निघून गेली. औषधांच्या दुकानवाल्याने त्याच्याकडे सोडलेली गाडी काम करून न घेताच परत नेली. वितोमिर पडद्याआडून हे सगळं बघत होता. स्रेतेन रिकाम्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता आणि मधूनमधून रस्त्याकडे बघत होता.

स्तामेना पावाच्या दुकानातून आली ती टोपली न ठेवताच बोलायला लागली. "म्हणतात, स्रेतेनचा हात गेला. डोळेही गेले. सायकलच्या ट्यूबने गाड्या बांधतो म्हणे. कुठून काढलं हे लोकांनी?"

वितोमिरने तिला सांगितलं.

"त्याने आपल्या लेकरांना हातावर धरलंय," एवढंच ती म्हणाली.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. गाडी घेतल्याचा आनंद कधीच आटला होता. आता त्याला एवढंच हवं होतं, की स्रेतेन तोंड फिरवून निघून जाऊ नये.

शनिवार बाजाराचा दिवस. शनिवारी दोघे पुलाजवळच्या कफानात खिडकीशी बसून कॉफी पीत, हे कित्येक वर्षांचं. वितोमिर मनात वाक्यं जुळवून गेला होता. स्रेतेन आपल्या गुडघ्यांविषयी बोलत होता, यंदाच्या मिरच्या भाजायला निम्म्याही नाहीत म्हणत होता. वितोमिरने कप खाली ठेवला, घसा साफ केला, आणि तेवढ्यात दोन मित्रांबरोबर ओग्नेन आत आला.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मोठ्या मेस्त्रीची एकदा फिरकी घ्यावी, एवढंच. त्याने खिशातून तो तुकडा काढला आणि कॉफीच्या कपाशेजारी ठेवला. "मेस्त्री, तुमचं काही सांडलं होतं, आणून दिलं."

स्रेतेनने चष्मा लावला. तुकडा उचलून फिरवून पाहिला, ट्यूब अंगठ्याने दाबली. "कुठल्या गाडीचं?"

"तुमच्या कूमच्या. ती काळी जर्मन. तुम्हीच केलंय म्हणाले ते."

स्रेतेनने मान वर करून वितोमिरकडे पाहिलं. गाडी, लपवाछपवी, खोटं बोलणं, सगळं त्याला त्या एका क्षणात कळलं, हे वितोमिरला दिसलं. शेजारच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं होतं.

"तो म्हणाला?"

"हो."

"मग माझंच आहे," स्रेतेन म्हणाला.

कुणीतरी मागे हसलं. ओग्नेन मात्र हसायचा थांबला. तो 'माझं नाही' हे ऐकायला आला होता. "काका, मी थट्टा करत होतो."

"थट्टा कसली त्यात? वाईट काम आहे. कापून काढलंस ते बरं केलंस." त्याने कॉफीचे पैसे ठेवले, टोपी घातली आणि तो बाहेर पडला.

वितोमिरला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. बोलायचं होतं ते तेव्हाच, सगळ्यांसमोर, आणि तो नुसता बसून राहिला होता. तो धावत सुटला आणि त्याने स्रेतेनला पुलावर गाठलं.

"कूमा, थांब. मी परत जातो. सगळ्यांना खरं सांगतो."

"काय सांगशील?"

"की तू ती गाडी डोळ्यांनीसुद्धा पाहिलेली नाहीस."

"म्हणजे आता मी खोटारडा ठरणार. हात तर गेलाच होता माझा, आता जीभही गेली म्हणतील."

"मग मी करू तरी काय?"

"गाडी आण सोमवारी. उजेडात आण, मोठ्या रस्त्याने. काम ज्याचं बिघडलं त्यानेच ते नीट करायचं असतं."

"पण तुझं नाहीच ते."

"आता आहे," स्रेतेन म्हणाला आणि चालू लागला.

सोमवारी वितोमिरने ओग्नेनकडून नवे फुगे आणले आणि गाडी मोठ्या रस्त्याने आणली. स्रेतेनने गॅरेजची दोन्ही दारं सताड उघडली होती. येणारेजाणारे बघत होते, आणि त्याला ते बघायलाच हवे होते. त्याने मागची चाकं काढली, दोन्ही फुगे बदलले, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडा येतो का ते वाकून बघत बसला. गिअरबॉक्सचं तेल काढलं, ते काळंकुट्ट निघालं. खालचं तबक उघडून लोखंडाचा कीस धरणाऱ्या चुंबकावरचा चिखल पुसला, नवा फिल्टर, नवं तेल. वितोमिर दिवा धरून उभा होता. दिवसभरात स्रेतेनने आधीच्या मेस्त्रीला एक शिवी घातली नाही. वितोमिर त्या शिवीची वाट बघत राहिला, शेवटी आपल्यालाच घातली तरी चालेल असं त्याला वाटायला लागलं.

"गाडी चांगली आहे," बऱ्याच वेळाने स्रेतेन म्हणाला.

"तू घेऊ दिली नसतीस."

"कोण म्हणतं? खालून गंज नाही. गिअरबॉक्स धडधाकट. नुसती उभी राहून रबर चिरलं, एवढंच. मी आलो असतो तर घे म्हणालो असतो."

वितोमिरच्या हातातला दिवा हलला.

"नीट धर," स्रेतेन म्हणाला.

संध्याकाळी गाडी खाली उतरवली. दोघे गावाबाहेरपर्यंत जाऊन आले. झटका गेला होता, पुलाजवळचे खड्डे कुठे गेले ते कळलंही नाही. परत आल्यावर स्रेतेन बराच वेळ हात धूत होता.

"पुढच्या वेळी ओग्नेनकडे ने," तो पाठमोराच म्हणाला. "पोरगा चांगला आहे. पाइप स्वच्छ कापला होता."

"कूमा..."

"कूम आहेच मी तुझा. ते काही सुटत नाही, आणि मला सोडायचंही नाही. रविवारी जेवायला येतो. मेस्त्री मात्र दुसरा बघ."

तो रविवारी आला. दोन वाट्या सूप प्यायला, स्तामेनाच्या हातच्या कोबीच्या गुंडाळ्यांची तारीफ केली, मुलांची चौकशी केली. गाडीचा विषय कुणी काढला नाही. गावात लोक म्हणाले, चुकला, पण कबूल केलं आणि नीट करून दिलं, असा मेस्त्री आता कुठे मिळतो. पोस्टाची व्हॅन परत त्याच्याकडे यायला लागली. वितोमिरने गाडी घरापुढेच ठेवायला सुरुवात केली.

शरद सरता सरता ऑइल बदलायची वेळ आली. वितोमिर बराच वेळ गाडीत बसून राहिला. सीट गरम झाली होती. समोर गॅरेजचं दार उघडं होतं आणि आत दिवा होता. शेवटी त्याने गाडी रिव्हर्समध्ये टाकली. रस्त्यावर वर्दळ होती, लांबलचक गाडी फाटकातून मागे काढायला जमेना.

स्रेतेन हात पुसत बाहेर आला. रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्याने पावाची व्हॅन थांबवली, तिच्यामागच्या गाड्या थांबवल्या आणि वितोमिरला हाताने खूण केली. "ये. ये. अजून ये. बस. आता सरळ कर."

वितोमिरने काच खाली केली. त्याला काहीतरी म्हणायचं होतं.

"जा, लोक थांबलेत," स्रेतेन म्हणाला, आणि गाडी ओग्नेनच्या दिशेने वळून पुढे जाईपर्यंत त्याने त्या व्हॅनला हात दाखवून थांबवून ठेवलं.