पहिलं ‘नको’

डर्वला माझ्या बहिणीची मुलगी. डब्लिनच्या एका विमा कंपनीत ती कामाला होती. लॅपटॉपवरचंच काम, कुठूनही करा, असं कंपनीने एकदा जाहीर केलं आणि ही बॅग उचलून माझ्याकडे कोपनहेगनला आली. फक्त वर्षभरासाठी, असं आईला सांगून. वर्षभरासाठी म्हणून या शहरात आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांची निम्मी भांडी माझ्या फडताळात पडलेली आहेत. जाताना प्रत्येक जण एखादी कढई, एखादा दिवा, एखादं मरतुकडं रोप माझ्या गळ्यात मारून जातो, कारण ही नोरीन कुठे जात नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी इथल्या माणसाशी लग्न करून आले. तो वारला, मी राहिले.

डर्वलाने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचं ऑफिस केलं. सकाळी मी चहा टाकायला जावं तर पडद्यावरून डब्लिनचे चार-पाच चेहरे माझ्याकडे टकामका बघत असायचे, आणि मी गाऊन आवळून मागे फिरायची. वर्ष झालं तरी तिला इथली भाषा दुकानापुरतीच येत होती. मैत्रिणीही सगळ्या तिच्यासारख्याच. कुणी ब्राझीलची, कुणी पोलंडची, आज आहे तर उद्या नाही. मला राग यायचा.

“ज्या गावचं पाणी पितेस, त्या गावातलं एखादं तरी माणूस ओळखीचं करून घे,” मी म्हणायची.

तिने करून घेतलं, आणि तेही पाणीपुरवठ्यातलंच. आस्गर तिथे इंजिनिअर होता. आमच्या इमारतीच्या तळघरातल्या कपडे धुण्याच्या मशीनवर दोघांचा एकाच वेळी हक्क निघाला, आणि भांडण होता होता ओळख झाली. उंच, शांत, कामापुरतं बोलणारा मुलगा. रविवारी सकाळी तो बेकरीतले गरम पाव घेऊन यायचा, दाराशी बूट काढून नीट जोडीने ठेवायचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला.

त्याच्या आईने डर्वलाला पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तिथून परतली ती थेट माझ्या फ्रिजपाशी.

“जेवून आलीस ना?” मी विचारलं.

“कुठलं जेवण, मावशी. त्याच्या आईने विचारलं, अजून बटाटे वाढू का. मी म्हटलं नको, भरपूर झालं. तर तिने भांडंच उचललं आणि आत नेऊन ठेवलं.”

“आणि गोडाचं?”

“त्याचीही तीच गत. मी बसले आहे आपली, आता विचारेल, मग विचारेल.”

मला हसू आवरेना. “अगं, इथे नको म्हणजे नको. पहिल्या हिवाळ्यात मी वाळून काटकी झाले होते. भूक असेल तर पहिल्या फटक्यात हो म्हणायचं.”

“लाज नाही वाटत?”

“वाटते. पण पोट भरतं.”

आमच्याकडे आयर्लंडात, मेयोत, पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. पाहुण्याने नको म्हणायचं, घरच्या बाईने पुन्हा म्हणायचं, पाहुण्याने पुन्हा आढेवेढे घ्यायचे, मग तिने कप हातात कोंबायचा आणि पाहुण्याने ‘बरं, अगदी अर्धा’ म्हणून तो रिकामा करायचा. एकदा विचारून जो गप्प बसला, त्याचं विचारणं तोंडदेखलं. इथे सगळं उलट. नको म्हटल्यावर परत विचारलंत, तर तुम्ही समोरच्याच्या शब्दाला किंमत देत नाही. डर्वला हे लवकर शिकली. त्याच्या आईकडे ती मागून घेऊन जेवायला लागली.

असं छान चाललं होतं. मग डब्लिनमध्ये नवा साहेब आला आणि त्याला सगळी माणसं डोळ्यांसमोर हवी झाली. नव्या वर्षापासून ऑफिसात येऊन बसा, नाहीतर दुसरं काम बघा.

आस्गरला कळलं तसा तो संध्याकाळी घरी आला. मी गाजरं सोलत होते. मी उठायला लागले तर तो म्हणाला, “बस, नोरीन. चोरून बोलण्यासारखं काही नाही.” आणि डर्वलाकडे वळला.

“जाऊ नकोस. माझ्याकडे राहायला ये. काम सावकाश मिळेल. मला तू घरात हवी आहेस.”

एवढं बोलायला त्याला किती जड गेलं, ते त्याच्या लाल झालेल्या कानांवरून दिसत होतं. डर्वलाचाही चेहरा फुलला. आणि ती म्हणाली, “छे, असं कसं? तुझी जागा केवढीशी. तुला उगाच माझा त्रास. नको, मी जाते आपली.”

माझ्या हातातलं गाजर हातातच राहिलं. माझ्या कानांना तो शुद्ध होकार होता. आता त्याने फक्त ‘त्रास कसला, येच तू’ एवढं म्हणायचं होतं.

आस्गरने खुर्चीवरचं जाकीट उचललं. “बरं,” तो म्हणाला. “स्पष्ट सांगितलंस, ते चांगलं केलंस.”

दुसऱ्या दिवसापासून तो तिला सामान बांधायला मदत करू लागला. खोकी आणली, तिच्या सायकलला गिऱ्हाईक शोधलं, पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळली. तो जितका मायेने करायचा, तितका तिचा चेहरा उतरायचा.

“जा आणि सांग त्याला,” मी म्हटलं.

“मी सांगू? मनात असतं तर परत विचारलं नसतं त्याने? एकदा विचारलं, सुटला.”

“अगं, तो इथला आहे. बटाट्यांचं विसरलीस?”

“हे बटाटे आहेत का, मावशी?” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मग मी अंगणात सायकल पुसत असलेल्या आस्गरला गाठलं. “तिला परत एकदा विचार.”

“तिने नाही म्हणून सांगितलं.”

“ते तसं नाही नव्हतं रे.”

तो माझ्यावर चिडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. “नोरीन, ती शहाणीसुरती बाई आहे. तिला स्वतःचं मन कळत नाही असं धरून मी तिच्या मागे लागू? बाईने नाही म्हटल्यावर मागे लागणारे पुरुष मला आवडत नाहीत.”

त्याचं काही चुकत नव्हतं. तिचंही नव्हतं. दोघांच्याही आयांनी त्यांना चांगलं वळण लावलं होतं, आणि मला दोघांच्याही पाठीत धपाटा घालावासा वाटत होता. डर्वला गेली. ते स्वयंपाकघर मला कितीतरी दिवस खायला उठायचं.

पुढे तिचं मेयोतच लग्न ठरलं. फिंटन नावाचा गुरांचा डॉक्टर, हसरा, भला माणूस. आस्गरलाही बोलावणं होतं. इथली माणसं जुन्या मैत्रिणीच्या लग्नालाही खुशाल जातात. आम्ही दोघं बरोबरच गेलो.

लग्नाच्या आदल्या दुपारी ब्रिडीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, स्वयंपाकघरात चहा चालला होता. ब्रिडी डर्वलापुढे केक घेऊन उभी राहिली.

“नको गं आई, खरंच नको.”

“घे म्हणते ना.”

“नको, उद्या झग्यात मावायचंय मला.”

“मुकाट्याने घे.”

डर्वलाने घेतला आणि दोन तुकडे आवडीने खाल्ले. कुणाचं लक्षही नव्हतं. आस्गरने मात्र कप खाली ठेवला.

“तू नको म्हणाली होतीस,” तो म्हणाला.

ब्रिडी हसली. “बाबा रे, आमच्याकडे पहिल्या नकोला कोण विचारतंय? ते म्हणायचं असतं, म्हणून म्हणायचं.”

“नेहमी?”

“नेहमीच.” बाहेरून फिंटनने हाक मारली, भाड्याच्या खुर्च्या आल्या होत्या. ब्रिडी हात पुसत बाहेर गेली.

आस्गरचे कान लाल झाले होते. “डर्वला, नोरीनच्या घरी मी तुला विचारलं होतं. तेव्हाचं नकोही असंच होतं का?”

ती ताटलीतला चुरा बोटाने गोळा करत राहिली. मग हसून म्हणाली, “नाही रे. ते खरं होतं. भलतंसलतं डोक्यात घेऊ नकोस.”

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. “बरं झालं विचारलं. जन्मभर खुपत राहिलं असतं.” त्याचा चेहरा खरोखर मोकळा झाला होता. तो उठला आणि खुर्च्या उतरवायला फिंटनच्या मदतीला गेला.

मी तिच्याजवळ खुर्ची ओढली.

“डर्वला, तुला हे लग्न करायचंय ना गं?”

“हो, मावशी. नक्की.”

मी परत विचारलं नाही.