गॅलरीतल्या टाकीचा काटा

बाईंच्या मुलाला एक खोड होती. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूवर पेनाने रेघ मारायची! तेलाच्या बरणीवर रेघ, फिनेलच्या बाटलीवर रेघ. कोणी किती वापरलं ते कळतं म्हणे. काल संध्याकाळी प्राणवायूची जास्तीची टाकी दुकानातून भरून आली, तेव्हाही त्याने लगेच चावी उघडली, काटा पाहिला, तबकडीच्या काचेवर लाल रेघ ओढली आणि चावी घट्ट बंद करून टाकी गॅलरीत ठेवली. रोजची टाकी आजारी बाईंच्या उशाशी होती, ही अडीनडीला.

रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी चावी उघडून बघतो तर काटा रेघेच्या चांगलाच खाली. झालं, साहेबांचा पारा चढला.

"मावशी, टाकीच्या चावीला हात लावला होतात?"

मावशी म्हणजे बाईंची देखभाल करायला रात्रंदिवस घरातच राहणारी मदतनीस. ती भांबावली. "नाही हो दादा. मी कशाला लावू?"

"मग वायू काय आपोआप उडाला? ऐनवेळी रिकामी निघाली असती तर? आईचा जीव आहे तो! संध्याकाळपर्यंत मी दुसरी बाई बघतो. तुम्ही निघा."

काम काय, दुसरीकडेही मिळालं असतं. पण बाईंच्या श्वासाच्या बाबतीत आपण हलगर्जी, हे मावशीच्या जिव्हारी लागलं. तिने बॅग भरली, दाराशी ठेवली आणि डोळे पुसत बाईंच्या खोलीत गेली.

बाईंनी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. आता नाकाला नळी होती आणि दोन शब्दांनंतर थांबावं लागायचं. मुलाचा आरडाओरडा त्यांनी ऐकलाच होता.

"रडू नकोस," बाई म्हणाल्या. "ती टाकी... आत आण. खिडकीत... उन्हाला ठेव."

मावशीने टाकी ओढत आणली. हात लावला तर बर्फासारखी गार. लवकर तापावी म्हणून ती बिचारी बाहेरच्या खोलीतली विजेची शेगडी घेऊन आली.

"अगं ए बये!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की त्यांना ढासच लागली. "शेगडी नको! प्राणवायूपाशी... ठिणगी पडली तर... घराची राख होईल."

मावशीने जीभ चावली आणि शेगडी आल्या पावली परत नेली. मग दोघी खिडकीतल्या उन्हाकडे बघत बसल्या.

दुपारी मुलगा जेवायला आला. "काटा बघ," बाई म्हणाल्या. त्याने कुरकुरत चावी उघडली आणि बघतच राहिला. काटा वर आला होता, रेघेच्या अगदी जवळ.

"गळाली असती... तर परत भरली असती का?" बाई म्हणाल्या. "वायू तेवढाच आहे. गारठला की... दाब उतरतो. ऊन लागलं... चढला."

"पण अजून रेघेला कुठे टेकलाय?" हा पठ्ठ्या हार मानतोय होय!

"अहो दादा, काल तुमच्याबरोबर गॅलरीत नेताना टाकी चांगली कोमट लागली होती मला," मावशीला एकदम आठवलं.

"लागणारच. भरताना तापते." बाईंनी मुलाकडे पाहिलं. "तू गरम टाकीवर... रेघ मारलीस. नववीत मी तुला... ह्याच धड्यात नापास केलं होतं. बरंच केलं."

मुलाच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "चुकलं माझं, मावशी."

"चुकलं ते ठीक आहे," मावशी म्हणाली. "पण बाईंच्या श्वासाशी मी खेळेन, असं तुम्हाला वाटलंच कसं?"

रुमाल ओला करून त्याने काचेवरची रेघ पुसली. मग दाराशी जाऊन बॅग उचलली आणि आत आणून ठेवली.

एवढ्यात मावशीचं लक्ष बाईंकडे गेलं. ओठ काळेनिळे पडले होते, छाती भात्यासारखी हलत होती. दिवसभर जपून वापरायचा दम त्यांनी तिच्यापायी एका दमात खर्च केला होता. मावशी धावली आणि त्यांना उठवून बसवलं.

"बाई, आता एक शब्द बोलायचा नाही!"

बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "मग तू... जाऊ नकोस."

"जाते कुठे!" मावशी म्हणाली, आणि रडत रडत त्यांची पाठ चोळायला लागली.